वजन उतरल्यावर सैल कातडीचं ऑपरेशन कधी करायचं: कोकणातल्या माणसांसाठी

"काय गो, आता बारीक झालंस मा, मगे परत कापून घेवक कशाक जातंस?" माझ्या मोठ्या काकीने हे विचारलं तेव्हा मी काही बोलले नाही. तिला आत माजघरात नेलं आणि पोटाची लोंबणारी घडी उचलून दाखवली. खाली हातभर लांब लालभडक पट्टा, कडेने ओलसर पांढरं. जुलै महिना होता. काकी "अगो बाय माझ्या" म्हणाली आणि स्वयंपाकघरातून खोबरेलाची वाटी घेऊन आली. (त्या घडीत तेल घालायचं नसतं. ते पुढे सांगते.)

२०२२च्या जानेवारीत माझं वजन ११८ किलो होतं, उंची १५८ सेंटीमीटर. त्या महिन्यात स्लीव्ह सर्जरी झाली, म्हणजे जठर कापून लहान केलं. दीड वर्षात पन्नास किलो उतरले. पण ते पन्नास किलो ज्या कातडीत मावत होते ती कुठे जाणार? ती राहते. पोटावर, दंडांखाली, मांड्यांच्या आतून, छातीवर. २०२३च्या डिसेंबरात मी पोटाचं ऑपरेशन करून घेतलं. तेव्हापासून कुडाळ-सावंतवाडी पट्ट्यातून ओळखीच्या, ओळखीच्यांच्या ओळखीच्या बायका फोन करतात. पहिला प्रश्न खर्चाचा असतो. "कधी करायचं" हा प्रश्न बहुतेकींना पडतच नाही, वजन उतरलं की लगेच, असंच सगळ्या धरून चालतात. मीही तसंच धरलं होतं. म्हणून हा लेख. मी डॉक्टर नाही, पतसंस्थेत कारकून आहे. तुमच्या डॉक्टरांनी वेगळं सांगितलं तर त्यांचं ऐका.

पहिली पायरी: काय काढायचंय ते समजून घ्या

सगळ्यालाच लोक "चरबी काढणं" म्हणतात, तिथून घोळ सुरू होतो. लायपोसक्शनमध्ये नळीने चरबी ओढतात. आपला प्रश्न चरबीचा राहिलेला नसतो, कातडीचा असतो. रिकामी पिशवी आणखी रिकामी केली तर ती जास्त लोंबते. व्यायामाने पोटाचे, दंडाचे स्नायू घट्ट होतात, पण वर्षानुवर्षं ताणलेल्या कातडीतले लवचिक धागे तुटलेले असतात, ते सूर्यनमस्काराने जुळत नाहीत आणि कुठल्याही क्रीमनेही नाहीत. क्रीमवर मी अडीच हजार घालवले, तुम्ही घालवू नका.

पोटाचे मुख्य प्रकार दोन. पॅनिक्युलेक्टॉमीमध्ये फक्त खाली लोंबणारा पदर कापतात. टमी टक म्हणजे अ‍ॅब्डॉमिनोप्लास्टीमध्ये पदर कापतात, पोटाचे सैल पडलेले स्नायू मधोमध शिवून घट्ट करतात आणि बेंबी नव्या जागी बसवतात. वरच्या पोटावरही कातडी फार असेल तर मधून उभी चीर देतात. सैलपणा कमरेभोवती पाठीपर्यंत असेल तर पट्ट्यासारखी गोल चीर घेऊन लोअर बॉडी लिफ्ट करतात. दंड, मांड्या, छाती यांची ऑपरेशनं वेगळी. पुरुषांमध्ये छातीची कातडी हा मोठा त्रास असतो, ते बोलत नाहीत एवढंच.

एक गोष्ट लिहून ठेवा: ही वजन कमी करायची ऑपरेशनं नाहीत. माझ्या पोटावरून काढलेली कातडी आणि तिच्याखालची चरबी मिळून सव्वादोन किलो भरली. बदल्यात या कंबरेपासून त्या कंबरेपर्यंत व्रण मिळाला. हा सौदा मान्य असेल तरच पुढे जा.

दुसरी पायरी: वही घाला

कधी करायचं याचं उत्तर कॅलेंडरमध्ये नाही, वजनाच्या वहीत आहे. वजन किती उतरलं यापेक्षा ते थांबलंय का, हे बघायचं.

डॉक्टरांचा साधारण हिशोब असा: वजन उतरवायच्या, म्हणजे बेरिअ‍ॅट्रिक ऑपरेशननंतर १२ ते १८ महिने जाऊ द्यायचे आणि त्यात शेवटचे ३ ते ६ महिने वजन एका जागी असलं पाहिजे. आहार-व्यायामाने उतरवलं असेल तरी स्थिर राहण्याची अट तीच. एका जागी म्हणजे दोन-तीन किलोच्या आत वर-खाली.

मी शंभर पानी वही घातली. दर सोमवारी सकाळी, शौचाला जाऊन आल्यावर, चहाच्या आधी, त्याच गाऊनवर, त्याच काट्यावर. काटा शहाबादी फरशीवर ठेवायचा, शेणाने सारवलेल्या जमिनीवर तो खोटं बोलतो. २०२३चे माझे आकडे असे: मे ६९.४, जून ६८.६, जुलै ६८.१, ऑगस्ट ६७.९, सप्टेंबर ६८.८ (गणपती, मोदक), ऑक्टोबर ६८.०, नोव्हेंबर ६७.७. सहा महिने काटा ६८च्या आसपास घुटमळला. ही रेघ डॉक्टरांना दाखवली तेव्हा त्यांनी दुसरं काही न विचारता तारीख काढायला डायरी उघडली.

आता त्याच्या आधीची गोष्ट. एप्रिलमध्ये, म्हणजे पंधराव्या महिन्यात, मी मुंबईत भावाकडे गेले असताना एका ठिकाणी दाखवलं होतं. तिथे पाचव्या मिनिटाला "पुढच्या मंगळवारी या, आज आगाऊ रक्कम भरली तर सवलत" असं ऐकलं. वजन अजून उतरतंय का, रक्त किती आहे, काही विचारलं नाही. मी भरणारच होते. भावजय म्हणाली, दुसऱ्या एका डॉक्टरांना दाखवू. दुसऱ्यांनी रक्त तपासलं: हिमोग्लोबिन ९.८. वजन तेव्हा ७०.८ आणि महिन्याला किलोभर उतरत होतं. ते म्हणाले, आता कापलं तर दोन गोष्टी होतील. वजन आणखी उतरलं की कातडी पुन्हा सैल पडेल, आणि तुमच्या शरीरात जखम भरायला लागणारा माल आत्ता नाही. सहा महिन्यांनी या. मी तेव्हा चिडले होते.

थांबायची कारणं खरंच ही दोनच आहेत. वजन उतरत असताना शरीर स्वतःचे साठे मोडून खात असतं. जखम भरायला प्रथिनं लागतात, लोह लागतं. उलट वजन पुन्हा वाढायच्या बेतात असेल तर घट्ट शिवलेलं ताणलं जातं आणि व्रण रुंद होतो.

बीएमआय (उंचीच्या मानाने वजन किती त्याचा आकडा) ३०च्या खाली असावा असं बरेच सर्जन म्हणतात. त्याच्या वर गेलात की जखम उसवणं, कातडीखाली पाणी साठणं, जंतुसंसर्ग यांचा धोका वाढत जातो, ३५च्या वर बराच. माझा २७च्या आसपास होता. अपवाद आहेत: पदर एवढा मोठा की चालता येत नाही, किंवा घडीत वारंवार जखमा होऊन ताप येतो, अशा माणसाचा नुसता पदर डॉक्टर आधी काढू शकतात. तो निर्णय त्यांचा.

वहीत न दिसणाऱ्या तीन अडचणी

लग्न. "मे महिन्यात लगीन आसा, त्याच्या आधी करून टाकूया" असं मुलीची आईच फोनवर सांगते. मूल व्हायचं असेल तर स्नायू शिवून घेतलेलं पोट गरोदरपणात पुन्हा ताणलं जातं. केल्याने गरोदर राहता येत नाही असं नाही, पण केलेलं काम बरंचसं वाया जाऊ शकतं. म्हणून बहुतेक सर्जन मुलं होईपर्यंत थांबायला सांगतात. शिवाय बेरिअ‍ॅट्रिक ऑपरेशननंतर १२ ते १८ महिने दिवस राहू द्यायचे नसतात, हे मुलीला आणि जावयाला दोघांनाही सांगा.

इंजेक्शनं. सेमाग्लुटाइड, टिर्झेपटाइड या आठवड्याच्या इंजेक्शनांनी वजन उतरवणारी माणसं आता आपल्याकडेही दिसू लागली आहेत. त्यांच्यासाठी नियम तोच, फक्त एक जादा: डोस कायम झाल्यावर वजन थांबलंय का ते बघा. इंजेक्शन बंद केल्यावर बऱ्याच जणांचं वजन परत येतं, तेव्हा पुढे चालू ठेवणार की नाही हे आधी ठरवा. आणि भूल देणाऱ्या डॉक्टरांना हे इंजेक्शन आपणहून सांगा. त्याने जठर रिकामं व्हायला वेळ लागतो, उपाशी असूनही पोटात अन्न राहू शकतं आणि भुलेत ते फुप्फुसात जाण्याचा धोका असतो. मनाने बंद करू नका, विचारून करा.

मिसरी. यावर मला जरा सविस्तर बोलायचंय, कारण आपल्याकडे मिसरीला कोणी तंबाखू समजतच नाही. डॉक्टर विचारतात "सिगारेट ओढता?" बाई म्हणते "नाय ओ", आणि सकाळ-संध्याकाळ बोटभर मिसरी हिरड्यांना लावत असते. भाजलेली असली तरी ती तंबाखूच. निकोटिनने बारीक रक्तवाहिन्या आकसतात. टमी टकमध्ये पोटाची कातडी खालून सोडवून ओढून घेतात, तिच्या कडेला रक्त आधीच कमी पोचतं. त्यात निकोटिन असलं की कड काळी पडते, मरते, जखम उसवते, महिना-दोन महिने ड्रेसिंग चालतं. निदान चार आठवडे आधी आणि चार आठवडे नंतर पूर्ण बंद: मिसरी, विडी, गुटखा, पानातला तंबाखू, आणि निकोटिनच्या गोळ्या-पट्ट्यासुद्धा. काही डॉक्टर लघवीची तपासणी करून घेतात. आमच्या शेजारच्या मावशींनी मिसरी सोडताना लवंग चघळली, महिनाभर सगळ्यांवर डाफरल्या, पण सोडली.

तिसरी पायरी: थांबताना कातडी सांभाळा

थांबायचं म्हणजे दोन पावसाळे काढायचे. मुंबईच्या एसी केबिनमध्ये बसून हे कळत नाही. आपल्याकडे जूनपासून कपडे वाळत नाहीत, तिथे घडी कुठून वाळणार.

मला जमलेली पद्धत: आंघोळीनंतर घडी उचलून जुन्या सुती कापडाने टिपायची, घासायची नाही. पंख्याखाली पाच मिनिटं आडवं व्हायचं. मग आईच्या जुन्या, धुऊन धुऊन मऊ झालेल्या सुती लुगड्याची चार बोटं रुंद पट्टी घडीत ठेवायची, तिची दोन्ही टोकं थोडी बाहेर राहतील अशी, म्हणजे घाम बाहेर ओढला जातो. दिवसातून तीन वेळा बदलायची. एका लुगड्याच्या मी बावीस पट्ट्या केल्या होत्या, चुलीवरच्या दोरीवर वाळत घालायचे. धूर लागायचा, पण कोरड्या व्हायच्या. ऑफिसच्या पर्समध्ये चार पट्ट्या आणि वापरलेल्या ठेवायला पिशवी.

खोबरेल, हळद-तेल, जाड टाल्कम पावडर यातलं काही घडीत नको. तेलाने ओल कोंडते, पावडरीचे गोळे होतात. लाल होऊन खाज सुटली तर बहुधा बुरशी असते, त्वचेच्या डॉक्टरांना दाखवा. औषधाच्या दुकानातून "खाजेचं मलम द्या" म्हणून आणू नका. तिथे बहुतेक वेळा स्टेरॉइड मिसळलेली ट्यूब मिळते. दोन दिवस बरं वाटतं, मग बुरशी दुप्पट पसरते आणि कातडी पातळ होते. मी तीन ट्यूब संपवल्यावर शहाणी झाले.

प्रत्येक वेळी डॉक्टरांकडे गेलात की तारखेची चिठ्ठी जपून ठेवा आणि चट्ट्याचा फोटो काढून ठेवा. लाज वाटते, तरी काढा. कारण विम्याच्या वेळी कळेल.

चौथी पायरी: रक्त आणि ताट

स्लीव्ह किंवा बायपास (वजन उतरवायचं दुसरं ऑपरेशन) झालेल्यांना लोह, बी-१२, ड जीवनसत्त्व, कॅल्शियम यांची कमतरता बऱ्याचदा येते. ऑपरेशनच्या तीन-चार महिने आधी तपासून घ्या: हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा), बी-१२, फॉलेट, ड जीवनसत्त्व, अल्ब्युमिन (रक्तातलं प्रथिन), थायरॉइड, मधुमेह असेल तर एचबीए१सी (तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी). ऐनवेळी तपासलं तर भरून काढायला वेळ उरत नाही. माझं फेरिटिन ९ होतं. गोळ्या पचेनात म्हणून शिरेतून लोह दिलं, नोव्हेंबरात हिमोग्लोबिन १२.१ झालं. लोहाची आणि कॅल्शियमची गोळी एकत्र घेऊ नका, दोन तासांचं अंतर ठेवा. लोहाच्या गोळीवर चहा नको.

प्रथिनांचं गणित आपल्याकडे सगळ्यांचं चुकतं. दिवसाला ६० ते ८० ग्रॅम लागतात, ऑपरेशनच्या आसपास डॉक्टर त्याहून जास्त सांगू शकतात. "आम्ही रोज कुळथाची पिठी खातो" असं मला अभिमानाने सांगतात. कुळथात शंभर ग्रॅमला बावीसेक ग्रॅम प्रथिनं आहेत हे खरं, पण वाटीभर पिठीत कुळथाचं पीठ असतं किती? दोन-तीन चमचे. म्हणजे पाच-सहा ग्रॅम, वर भात. पेजेत तर नावालाच. त्याऐवजी बांगडा: शंभर ग्रॅम मांसात साधारण एकोणीस-वीस ग्रॅम. अंड्यात सहा. पनीर शंभर ग्रॅमला अठराच्या आसपास. जठर लहान असलेल्याने ताटात आधी मासा संपवायचा, मग जागा उरली तर भात. सासूला हे बघवत नाही. मासे न खाणाऱ्यांना दही, पनीर, मोड आलेले मूग यावर बहुधा भागत नाही, प्रोटीन पावडर घ्यावी लागते, त्यात कमीपणा नाही.

मधुमेहवाल्यांनी एचबीए१सी ७च्या आसपास आणल्याशिवाय तारीख मागूच नये.

पाचवी पायरी: सर्जन आणि पैसे

पदवी बघा: प्लास्टिक सर्जरीतली एमसीएच किंवा डीएनबी. पाटीवर नुसतं "कॉस्मेटिक सर्जन" लिहिलेलं असेल तर ती पदवी नव्हे. महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलचा नोंदणी क्रमांक विचारायला लाजू नका. कुडाळ-सावंतवाडीची माणसं गोव्याला जातात, रत्नागिरी-चिपळूणची कोल्हापूर, कऱ्हाड नाहीतर मुंबईला. कुठेही जा, पण मोठं वजन उतरलेल्यांची ऑपरेशनं किती केलीत, हे विचारा. बाळंतपणानंतरच्या टमी टकपेक्षा हे काम मोठं असतं. अतिदक्षता विभाग त्याच इमारतीत आहे का, हेही विचारा.

मला सगळ्यात उपयोगी पडलेला प्रश्न: "घरी गेल्यावर पाणी साठलं तर मी कुठे जाऊ?" डॉक्टरांनी कुडाळच्या एका सर्जनना माझ्यासमोर फोन लावून दिला. पाचव्या आठवड्यात खरंच साठलं, तिथे सुईने साठेक मिली काढलं, वीस मिनिटांत घरी. नाहीतर तेवढ्यासाठी मुंबई.

सगळं एकदम करून घ्यायचा मोह होतो, एकच भूल, एकच रजा. ऑपरेशन जितके तास लांबतं तितका धोका वाढतो, म्हणून टप्प्यांत करतात आणि दोन टप्प्यांत ३ ते ६ महिने ठेवतात. जे जास्त छळतं ते आधी.

अंदाजपत्रक लेखी घ्या आणि त्यात काय धरलेलं नाही ते विचारा: भूलतज्ज्ञ, पोटाला बांधायचा पट्टा, ड्रेसिंग, पुन्हा थिएटरमध्ये न्यावं लागलं तर. कॉस्मेटिक ऑपरेशनवर जीएसटी लागतो, तो धरलाय का? विम्याबाबत इरडाच्या (विमा कंपन्यांवर देखरेख करणारी सरकारी संस्था) २०१९च्या प्रमाणित नियमांत कॉस्मेटिक सर्जरी वगळली होती, तुमच्या पॉलिसीत काय आहे ते बघा. अपवाद अपघात, भाजणं, कॅन्सरनंतरची दुरुस्ती, किंवा आरोग्याचा थेट धोका दूर करायला ती वैद्यकीयदृष्ट्या गरजेची आहे असं उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी प्रमाणित केलं तर. त्या चिठ्ठ्या आणि फोटो इथे लागतात. नुसता पदर काढण्याचा दावा कधीकधी मान्य होतो, दंडांचा होईल अशी आशा धरू नका. बेंबीजवळ हर्निया असेल तर त्याचा कागद वेगळा लावा. पूर्वपरवानगी लेखी आल्याशिवाय ट्रेनचं तिकीट काढू नका.

सहावी पायरी: महिना

वही आणि रक्त जुळलं की मगच महिना बघायचा. कोकणात तो नोव्हेंबर ते जानेवारी. सहा आठवडे घट्ट पट्टा रात्रंदिवस घालायचा असतो, मेमध्ये तो घालून बघा म्हणजे कळेल. पावसात तो धुतला तर तीन दिवस वाळत नाही (दोन घ्याच). पाच-सहा आठवडे जड उचलायचं नसतं, म्हणजे लावणी नाही, कापणी नाही, गणपतीतला पाहुण्यांचा राबता नाही, विहिरीवरून कळशी नाही. डिसेंबरात केलं तर काजू पडायला लागेपर्यंत माणूस उभा राहतो. जत्रा आणि दशावतार मात्र चुकतात. ते मला लागलं.

दोन आठवडे आधी सगळी औषधं डॉक्टरांना दाखवा: अ‍ॅस्पिरिन, गर्भनिरोधक गोळ्या, फिश ऑइल, वैद्याचा काढासुद्धा. यातल्या काहींनी रक्त पातळ होतं, काहींनी गाठी होतात.

सातवी पायरी: पहिले पंधरा दिवस

मी तीन दिवस रुग्णालयात आणि तीन आठवडे भावाकडे डोंबिवलीला राहिले. ज्यांचं कोणी चाकरमानी मुंबईत नाही त्यांनी रुग्णालयाजवळ खोली बघावी, आठवड्यात गाव गाठायची घाई करू नये.

पोटावर ताण नको म्हणून पाठीखाली उशा लावून, गुडघ्याखाली उशी ठेवून झोपायचं. चालताना आठ-दहा दिवस कंबरेत वाकलेलं राहावं लागतं. पण चालायचं पहिल्याच दिवसापासून. पायात रक्ताची गाठ होऊन फुप्फुसात जाणं हा या ऑपरेशनचा सगळ्यात मोठा धोका, त्यासाठी चालणं, पायमोजे आणि कधी पोटात टोचायची इंजेक्शनं असतात.

कातडीखालचं पाणी बाहेर यायला दोन्ही बाजूंना एकेक नळी होती, टोकाला चेपून ठेवायचा प्लास्टिकचा डबा. रोज सकाळी आठ वाजता भावजय गॅलरीत बसून खोकल्याच्या औषधाच्या मापाने तो मोजायची. पहिल्या दिवशी डावीकडून ११० मिली, उजवीकडून १३०, रंग लाल. सहाव्या दिवशी ६० आणि ७०, कोकमाच्या पाण्यासारखा. अकराव्या दिवशी २५ आणि २०, पिवळसर. चोवीस तासांत ३० मिलीच्या खाली आलं की नळी काढतात. भावाचा सहा वर्षांचा मुलगा शेजारी बसून आकडा ओरडून सांगायचा, खालच्या मजल्यावर ऐकू जाईल एवढ्याने.

एका पायाची पोटरी सुजून दुखणं, धाप लागणं, छातीत दुखणं यापैकी काही झालं तर फोनवर फोटो पाठवत बसू नका, १०८ बोलवा. ताप, पसरत जाणारी लाली, घाण वास, एका बाजूला अचानक फुगणं, जखमेची कड काळी पडणं, यासाठी त्याच दिवशी डॉक्टर.

परत येताना ठाण्याहून मांडवी एक्सप्रेस घेतली, खालचा बर्थ. दिवसाची गाडी मुद्दाम: तासातासाला उठून डब्यात फेरी मारता येते. रस्त्याने आले असते तर महामार्गाच्या खड्ड्यांनी टाके मोजले असते.

घरी

येण्याआधी घरात तीन गोष्टी करून घ्या. भारतीय पद्धतीच्या संडासात उकिडवं बसता येत नाही, कमोडची खुर्ची भाड्याने मिळते. झोपायला पलंग, जमिनीवरचं अंथरूण नाही. आणि हाताच्या उंचीवर लागणारं सगळं, फळीवर किंवा जमिनीवर काही नाही. माझ्या घराला जांभ्याच्या सहा पायऱ्या आहेत, त्या पहिला आठवडा दिवसातून एकदाच.

पतसंस्थेत मी पाचव्या आठवड्यात गेले, खुर्चीचं काम म्हणून. शेतीकाम, झाडू, हांडे असं काम असेल तर दोन महिने धरा. सूज संध्याकाळी चढते आणि सकाळी उतरते, असं तीन-चार महिने चालतं. बेंबीखाली बधिरपणा असतो, माझा अजून थोडा आहे, गरम पातेलं टेकलं तरी कळत नाही, जपा. व्रण आधी लाल-जांभळा होतो, फिका व्हायला वर्ष-दीड वर्ष जातं. त्यावर सिलिकॉन जेल लावतात.

दंड अजून तसेच आहेत. करायचे की नाहीत ते ठरत नाही. कोपरापर्यंत बाह्यांचे ब्लाउज शिवून घेतले की दिसत नाहीत आणि व्रण मात्र आतल्या बाजूने काखेपासून कोपरापर्यंत जाईल म्हणतात.

साडी नेसणाऱ्यांना कोणी सांगत नाही अशी एक गोष्ट: परकराची नाडी नेमकी व्रणावर येते. तीन महिने गाऊन किंवा रुंद इलॅस्टिकचा परकर वापरा, नाहीतर तिथे कातडी घासून फोड येतो. मला आला होता. मी अजूनही नाडी दोन बोटं वर बांधते, आणि साडी दोन बोटं आखूड होते.